दोन डझन संत्री, पाच औंस अर्क

जेम्स लिंड हा एडिंबरोच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. जन्म ४ ऑक्टोबर १७१६चा. पंधराव्या वर्षी तो शहरातल्या एका शल्यचिकित्सकाच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. त्या काळी डॉक्टर होण्याचे दोन रस्ते होते. पैसेवाल्यांची मुले विद्यापीठात जाऊन लॅटिनमधून वैद्यक शिकत. बाकीची एखाद्या सर्जनकडे राहून पट्ट्या बांधणे, दात उपटणे, रक्त काढणे अशी हातची कामे शिकत. लिंड दुसऱ्या रस्त्याने गेला आणि १७३९मध्ये ब्रिटिश आरमारात सर्जनचा मदतनीस म्हणून रुजू झाला. पुढची काही वर्षे भूमध्य समुद्र, आफ्रिकेचा गिनी किनारा, वेस्ट इंडीज अशी जहाजावरच गेली.

तो भरती झाला त्याच सुमारास, १७४०मध्ये, कमोडोर जॉर्ज अ‍ॅन्सन सहा युद्धनौका घेऊन स्पॅनिश जहाजे लुटण्यासाठी पॅसिफिक महासागराकडे निघाला. चार वर्षांनी तो प्रचंड लूट घेऊन, पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला तेव्हा लंडनमध्ये मिरवणूक निघाली. मात्र त्याच्यासोबत निघालेल्या सुमारे १९०० माणसांपैकी १४००च्या आसपास माणसे मेली होती. लढाईत मेलेले त्यांत अगदी मोजके होते. बाकीचे रोगांनी गेले आणि त्या रोगांत पहिला होता स्कर्व्ही.

आजच्या डॉक्टरांना स्कर्व्हीचा रुग्ण क्वचितच पाहायला मिळतो. सुरुवात थकव्याने होते. माणूस चिडचिडा होतो, हातपाय गळून जातात. मग हिरड्या सुजून काळ्यानिळ्या होतात, दात हलतात, तोंडाला घाण वास येतो. कातडीखाली रक्त साकळते, सांधे ताठरतात. शेवटी साध्या हालचालीने, कधी नुसते अंथरुणातून उठवताना, माणूस प्राण सोडतो. अ‍ॅन्सनच्या जहाजावर एक म्हातारा सैनिक होता. तो १६९०च्या बॉइनच्या लढाईत जखमी झाला होता. पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या त्याच्या जखमा स्कर्व्हीमुळे पुन्हा उघडल्या, जणू कालच झाल्या असाव्यात.

हे का घडते ते आता ठाऊक आहे. शरीरातल्या ऊती एकत्र धरून ठेवणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन पक्के होण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. जखमेचा व्रण हाही मुख्यतः कोलॅजेनचाच असतो आणि तो आयुष्यभर झिजत आणि नव्याने बनत राहतो. पुरवठा थांबला की डागडुजी थांबते. कुत्रे, बकरी, उंदीर हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ते जमत नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळवावे लागते. शरीरातला साठा दोन-तीन महिने पुरतो. खारवलेले मांस, दगडासारखी कडक बिस्किटे, वाटाणे आणि बिअर एवढ्यावर जगणारा खलाशी किनारा सोडून दोन-तीन महिने झाले की आजारी पडू लागे, त्याचे कारण हेच.

लिंडच्या काळात यातले काहीच माहीत नव्हते. पण लिंबूवर्गी फळांनी स्कर्व्ही बरा होतो, ही गोष्ट दर्यावर्दी लोकांच्या कानावर नव्हती असे मुळीच नाही. ईस्ट इंडिया कंपनीची पहिली सफर १६०१मध्ये निघाली. तिचा प्रमुख जेम्स लँकेस्टर याने आपल्या जहाजावरच्या लोकांना लिंबाचा रस रोज दिला होता आणि त्याचे लोक बाकीच्या जहाजांवरच्यांपेक्षा धडधाकट राहिले होते. कंपनीचा सर्जन जॉन वुडॉल याने १६१७मध्ये छापलेल्या पुस्तकात लिंबाच्या रसाची शिफारस केली होती. अडचण वेगळी होती. ज्याच्या त्याच्या तोंडी स्कर्व्हीचा रामबाण उपाय होता आणि प्रत्येकाकडे बरा झालेला एखादा खलाशी दाखवायला होता. कोणी व्हिनेगर सांगे, कोणी समुद्राचे पाणी, कोणी सौम्य केलेले गंधकाम्ल. वैद्यांच्या मते रोग शरीर कुजण्याचा होता आणि कुजणे आंबट पदार्थाने थांबते. मग आंबट ते सगळे औषध. लिंबूही त्यांपैकीच एक, आणि गंधकाम्लाच्या मानाने कितीतरी महाग.

१७४७च्या वसंतात लिंड ‘सॅलिस्बरी’ या युद्धनौकेवर सर्जन होता. २० मे या दिवशी, जहाज समुद्रात असताना, त्याने स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडले. निवडताना त्याने काळजी घेतली ती अशी की सगळ्यांचा आजार शक्यतो सारखा असावा. बाराही जणांना एकाच जागी ठेवले आणि सगळ्यांचे रोजचे जेवणही एकच ठेवले: सकाळी साखर घातलेली पेज, दुपारी मटणाचा रस्सा किंवा हलके पुडिंग, रात्री सातू आणि बेदाणे, कधी भात, कधी साबुदाण्यासारखा सागो. मग त्याने दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या.

पहिल्या जोडीला रोज लिटरभर सायडर, म्हणजे सफरचंदाचे आंबवलेले पेय. दुसरीला सौम्य गंधकाम्लाच्या अर्काचे पंचवीस-पंचवीस थेंब, दिवसातून तीनदा. तिसरीला व्हिनेगर, दोन-दोन चमचे. चौथीला समुद्राचे पाणी, रोज सुमारे पाव लिटर. पाचव्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहावीला लसूण, मोहरी, मुळ्याचे मूळ, हिराबोळ वगैरे कुटून केलेले चाटण, जायफळाएवढी गोळी दिवसातून तीन वेळा, आणि पिण्यासाठी चिंच घालून आंबट केलेले सातूचे पाणी.

फळे सहाच दिवस पुरली. त्याहून जास्त खर्च करणे जहाजाला शक्य नव्हते. पण सहा दिवसांत त्या दोघांपैकी एकजण कामावर जाण्याजोगा झाला. दुसऱ्याची प्रकृती इतकी सुधारली की त्याला उरलेल्या रुग्णांच्या शुश्रूषेला नेमले गेले. सायडरवाल्यांना थोडासा उतार पडला. बाकीच्या चार जोड्या होत्या तिथेच राहिल्या.

या प्रयोगात दोष काढायचे तर काढता येतात. बारा हा आकडा लहान. कोणाला काय द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. सर्वांत आजारी असे दोघे, ज्यांच्या गुडघ्यामागच्या शिरा ताठरल्या होत्या, ते समुद्राच्या पाण्याच्या जोडीत गेले होते. म्हणजे त्या पाण्याला बिचाऱ्याला मुळात समान संधीच मिळाली नाही. पण मुख्य गोष्ट लिंडने साधली होती. उपाय सोडून बाकी सगळे सारखे ठेवायचे आणि उपाय एकमेकांशेजारी ठेवून तुलना करायची. शिवाय या तुलनेतून आणखी एक उत्तर निघत होते. आंबटपणा हेच औषध असते तर गंधकाम्लाने आणि व्हिनेगरनेही गुण यायला हवा होता. तो आला नाही. म्हणजे लिंबात आंबटपणाखेरीज आणखी काहीतरी होते. नवी औषधे तपासण्याची आजची पद्धत याच तुलनेच्या पुढची पायरी आहे, आणि म्हणून २० मे हा दिवस जगभर चिकित्सा-चाचणी दिन म्हणून पाळला जातो.

एवढे हाती आल्यावर लिंडने बंदरात उतरताच आरमाराच्या दारावर धडक मारली असेल, असे कोणालाही वाटेल. तसे काही झाले नाही. १७४८मध्ये त्याने आरमार सोडले, एडिंबरो विद्यापीठाची एमडी पदवी घेतली, लग्न केले आणि खासगी व्यवसाय सुरू केला. स्कर्व्हीवरचा त्याचा ग्रंथ यायला १७५३ साल उजाडले. तो त्याने अ‍ॅन्सनलाच अर्पण केला. चारशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ. त्यात आधीच्या लेखकांनी स्कर्व्हीविषयी काय काय लिहिले त्याचा भला मोठा आढावा आहे, त्यातल्या बऱ्याच जणांची शालजोडीतली खरडपट्टीही आहे. बारा खलाशांचा प्रयोग मात्र मधल्या काही पानांत उरकला आहे. रोगाचे कारण काय, तर दमट हवेने घामाची छिद्रे बंद होतात आणि शरीरातली घाण आत साठते, असे त्याचे मत. फळे त्या घाणीचा निचरा करतात, एवढेच त्याने त्यांचे कार्य मानले. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला निकाल त्याने जुन्या सिद्धांताच्या गोणीत भरला.

तरीही ग्रंथाने काम केले असते. ताजी फळे जहाजावर टिकत नाहीत, ही व्यवहारातली खरी अडचण होती आणि तिच्यावर लिंडने तोडगा काढला. संत्र्या-लिंबांचा रस गाळून उथळ भांड्यात घ्यायचा, ते भांडे गरम पाण्यावर ठेवायचे आणि रस उकळू न देता कित्येक तास आटवायचा. पाकासारखा दाट झाला की बाटलीत भरून बूच लावायचे. दोन डझन संत्र्यांपासून असा सुमारे पाच औंस अर्क निघे. वर्षानुवर्षे टिकतो, थोडासा पाण्यात घातला की ताजा रस तयार, असे त्याने लिहिले. चव आंबट, वास संत्र्याचा, रंगही शोभेसा. या अर्काला ‘रॉब’ म्हणत.

फक्त या अर्काची चाचणी त्याने कधी घेतली नाही. सॅलिस्बरीवर ताजी फळे दिली होती. अर्क देऊन पुन्हा सहा जोड्या कराव्यात, हे त्याच्या मनात आले नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेशी संपर्काने नष्ट होते. त्यातून भांडे उथळ, आच कित्येक तासांची. विसाव्या शतकात लिंडच्या कृतीने रॉब बनवून तपासला गेला तेव्हा दिसले की आटवतानाच जीवनसत्त्वाचा मोठा भाग जातो आणि उरलेल्यातले बहुतेक बाटलीत ठेवल्यावर काही आठवड्यांत संपते. सायट्रिक आम्ल मात्र शाबूत राहते. म्हणून चव फसवते.

कॅप्टन जेम्स कुक १७६८मध्ये निघाला तेव्हा त्याच्या जहाजावर रॉब होता. सोबत मोड आलेल्या सातूचा काढा आणि खारवून आंबवलेली कोबीही होती. कुक जागोजागी किनाऱ्याला लागून ताजा भाजीपाला घेई आणि लोकांना सक्तीने खायला लावी. त्यामुळे त्याचे लोक वाचले. पण परतल्यावर श्रेय गेले ते सातूच्या काढ्याला, ज्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. रॉबविषयी फारसे बरे बोलले गेले नाही. काढा स्वस्त होता आणि तो लंडनमधल्या बड्या वैद्यांच्या सिद्धांतात बसत होता. आरमाराने पुढची वीसेक वर्षे खलाशांना तोच पाजला. लिंबाचे नाव असे लिंबाच्याच अर्काने खराब केले.

फळाचे गुण अर्कातही आपोआप उतरतात, हा समज आजही तितकाच पक्का आहे. औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात ‘ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट’ नावाच्या बाटल्या मिळतात. ग्रेपफ्रूट हे आपल्या पपनसाचे आणि संत्र्याचे मिश्र अपत्य, अठराव्या शतकात वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर जन्मलेले. त्याच्या बियांचा अर्क जंतू मारतो, बुरशी मारतो, घशापासून आतड्यापर्यंत सगळ्या संसर्गांवर चालतो आणि नैसर्गिक असल्यामुळे निर्धोक आहे, असे सांगितले जाते. प्रयोगशाळेत या बाटल्यांतला अर्क खरोखरच जंतू मारतो. पण जर्मनीतल्या संशोधकांनी १९९९मध्ये असे सहा अर्क तपासले तेव्हा जंतू मारणाऱ्या पाचही अर्कांत बेन्झेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक निघाले. ज्या सहाव्यात कोणतेही परिरक्षक नव्हते, त्याने जंतू मारलेच नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनाही पुढे काही अर्कांत हेच रसायन आणि त्याचे भाऊबंद आढळले. बेन्झेथोनियम क्लोराइड त्वचेवर, जखमेच्या आसपास वापरतात. ते पोटात घेण्याचे औषध नव्हे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांत हा अर्क घेतल्यावर रक्त धोकादायक प्रमाणात पातळ झाल्याचीही वैद्यकीय नियतकालिकांत नोंद आहे. पपनस खाण्यात अर्थातच काही वाईट नाही. पण ज्यांना वॉरफरिन, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या किंवा रक्तदाबाची काही औषधे चालू आहेत, त्यांनी या बाटल्या आणि ग्रेपफ्रूटचा रसही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. लिंडच्या बाटलीतून हवे ते द्रव्य उडून गेले होते, या बाटल्यांत नको ते मिसळलेले होते. दोन्ही बाबतींत लेबलावरचे फळ तेच.

१७५८मध्ये लिंडची नेमणूक पोर्ट्समथजवळच्या हॅसलर इथल्या नव्या आरमारी इस्पितळात मुख्य वैद्य म्हणून झाली. पुढची पंचवीस वर्षे तो तिथेच होता. ही इमारत तेव्हा युरोपातल्या सर्वांत मोठ्या विटांच्या इमारतींपैकी एक होती आणि तिच्यात दोन हजारांच्या घरात रुग्ण राहू शकत. पहिल्या दोन वर्षांत सुमारे ५७०० रुग्ण दाखल झाले, त्यांतले ११००हून जास्त स्कर्व्हीचे. सरकारी इस्पितळ म्हटले की जे डोळ्यांसमोर येते ते सारे तिथेही होते: गर्दी, अपुरी माणसे आणि एकामागून एक येणाऱ्या बोटी.

लिंडचे या काळातले काम स्कर्व्हीइतके कोणाला आठवत नाही, पण त्याने कदाचित तितकेच जीव वाचवले असतील. युद्धाच्या काळात आरमार सक्तीने माणसे पकडून आणी, त्यांत तुरुंगातलेही असत. त्यांच्या चिंध्यांतल्या उवांबरोबर टायफसचा ताप जहाजावर येई. उवांचा दोष त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हता. लिंडने मात्र पाहिले की रोग मळक्या कपड्यांच्या आणि अंथरुणांच्या वाटेने पसरतो. नव्या माणसांना आधी वेगळ्या जहाजावर ठेवा, अंघोळ घाला, त्यांचे जुने कपडे काढून घ्या, नवे द्या आणि मगच युद्धनौकेवर पाठवा, असा त्याचा आग्रह होता. समुद्राचे पाणी तापवून त्याची वाफ थंड केली की गोडे पाणी मिळते, हेही त्याने दाखवून दिले. १७६८मध्ये त्याने उष्ण प्रदेशांत युरोपीय माणसांना होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानात येणाऱ्या कंपनीच्या डॉक्टरांच्या पेटीत तो बरीच वर्षे असे.

स्कर्व्हीबाबत मात्र वय वाढत गेले तसा त्याचा विश्वास डळमळत गेला. हॅसलरमध्ये हजारो रुग्ण पाहूनही सॅलिस्बरीवरच्यासारखा स्वच्छ निकाल पुन्हा हाती लागला नाही. किनाऱ्यावरच्या इस्पितळात आलेल्या माणसाची जहाजावरच्या अन्नातून सुटका होई आणि तेवढ्यानेही काहीजण सुधारत. मग गुण फळाचा, इस्पितळाच्या रश्शाचा की जमिनीवरच्या हवेचा? ग्रंथाची तिसरी आवृत्ती १७७२मध्ये निघाली. तिच्यात संत्र्या-लिंबांची शिफारस आहे, पण बाकीच्या उपायांच्या रांगेत, आणि स्वर थकलेल्या माणसाचा आहे. १७८३मध्ये तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी त्याचाच मुलगा जॉन हॅसलरचा मुख्य वैद्य झाला.

काम पुढे नेले ते गिल्बर्ट ब्लेन या दुसऱ्या स्कॉटिश डॉक्टरने. वेस्ट इंडीजमधल्या ताफ्याचा तो वैद्य होता. त्याने लिंडचा ग्रंथ वाचला होता, स्वतः जहाजांवरच्या आजारांचे आणि मृत्यूंचे आकडे महिन्यागणिक मांडले होते, आणि लिंडजवळ नसलेली एक गोष्ट त्याच्याजवळ होती. वरिष्ठ नौसेनाधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर त्याला जागा होती. रस आटवायचा नाही, तसाच ठेवून टिकण्यासाठी त्यात थोडे मद्य घालायचे, यावरही त्याचा भर होता.

१७९४मध्ये ‘सफोक’ हे जहाज इंग्लंडहून मद्रासला निघाले. वाटेत कुठेही ताजा शिधा घ्यायचा नव्हता. प्रत्येक माणसाला रोज औंसाच्या दोन तृतीयांश एवढा लिंबाचा रस साखर आणि पाणी घातलेल्या रममध्ये मिसळून दिला जात होता. जहाज वाटेवर असतानाच, १३ जुलै १७९४ रोजी, गॉस्पोर्टमध्ये लिंडचे निधन झाले. वय सत्याहत्तर. पोर्टचेस्टरच्या चर्चमध्ये त्याला पुरले.

सुमारे तेवीस आठवड्यांच्या प्रवासानंतर सफोक मद्रासला पोचले. मधे काही जणांत स्कर्व्हीची लक्षणे दिसली होती, रस वाढवल्यावर ती गेली. एकही माणूस त्या रोगाने दगावला नव्हता. पुढच्या वर्षी आरमाराने लिंबाचा रस शिध्यात घेतला. १७८०मध्ये हॅसलरला स्कर्व्हीचे १४५७ रुग्ण दाखल झाले होते. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे वर्षाला एखाददुसरा रुग्ण येऊ लागला.